दहा मिनिटं चाळीस सेकंद आणि एक चिठ्ठी

हे कुणासाठी

गेल्या खेपेला इंजेक्शनच्या खोलीबाहेर बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती. बरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी, पायात खेळाचे बूट. बाईनं मला विचारलं, "बाय, तुकाय तेंच?" मी म्हटलं, हो, तेंच, नऊ वर्षं झाली. मग तिनं मुलीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, "हिका परत धांवूंक मेळटलें मगे?"

मुलगी परत धावेल ना, याचं जे उत्तर तोंडात आलं ते दवाखान्यात बोलण्यासारखं नव्हतं. राग तिच्यावर नव्हता. घरी आले आणि लिहायला बसले.

आजारपणावर लोकांनी लिहिलेलं मी बरंच वाचलं आहे. शेवटाकडे सगळे शांत होतात आणि आजारानं आपल्याला किती शिकवलं म्हणून त्याचे आभार मानतात. मी मानणार नाही. ज्यांना तसलं काही वाचायचं असेल त्यांनी इथूनच माघारी फिरावं.

न्हाणीतला आकडा

गोवा राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी मी सोळा वर्षांची होते. आमचं घर धारगळला, हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. तोवर खेळांचा संघ दमण-दीवसकट जायचा, आता नुसत्या गोव्याचा जाणार होता, आणि सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. आमच्या पाटील सरांच्या तर फारच.

पाटील सर मूळचे कोल्हापूरकडचे, इकडे एका कारखान्यात फिटर. तरुणपणी धावायचे. कामावरून सुटले की शाळेच्या मैदानात आम्हा सात-आठ जणांना पळवायचे, हौसेनं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम आधी लिहून ठेवते, कारण पुढं लिहिण्याच्या भरात राहून जाईल.

सरांचा एक नियम होता. प्रत्येकानं आपलं लक्ष्य ठरवायचं, आणि सकाळी उठल्यावर पहिल्यांदा नजर पडेल तिथं लिहायचं. मी तीन हजार मीटर पावणेबारा मिनिटांत धावत होते. मी भीत भीत म्हटलं, "सर, सवाअकरा?"

"सवाअकरा?" सर म्हणाले. "पोरी, सवाअकरात कोण बी येतंय. धा चाळीस लिव. आणि एकदा लिवलं की पुसायचं न्हाई, खालवर करायचं न्हाई. ध्यानात ठेव."

मी घरी येऊन न्हाणीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं, १०:४०. आई म्हणाली, "भिंत काळी केलीस ती केलीस, आकडो तरी बरो काड."

मला तो आकडा आवडायचा. खरंच आवडायचा. रोज पहाटे पाणी अंगावर घेताना मी त्याच्याकडे बघायचे आणि शेवटचा तांब्या घाईनं ओतायचे. मग हमरस्त्यावर जायचे. इनास पोदेर सायकलला पावांची टोपली बांधून पों पों करत कोलवाळच्या पुलाकडे निघायचा, आणि मी त्याच्या मागे. इनासची सायकल हेच माझं घड्याळ. त्याच्या मागचं चाक दृष्टीआड झालं नाही तर त्या दिवशी मी जिंकले. जून संपेपर्यंत मी अकरा मिनिटांच्या आत आले. सरांनी वहीत लिहिलं आणि वही दोनदा थोपटली.

मोठं लक्ष्य ठेवू नका असं मी सांगत नाहीये. कुणी तसं म्हटलं तर मला त्याचाही राग येतो. मला पावणेबारातून अकराच्या आत त्या आकड्यानंच आणलं.

घसा

श्रावणात घसा धरला. दोन दिवस गिळता येईना, थोडा ताप. आईनं मिरी-हळदीचा काढा दिला, घसा गेला, मी पुन्हा धावायला. घसा दुखतो आणि जातो, त्यासाठी कोण डॉक्टरकडे जातं? आता मी जाते. माझ्या वर्गातल्या मुलांचे घसे मी टॉर्च लावून बघते, तेव्हा बाकीच्या शिक्षिका एकमेकींकडे बघून हसतात. हसू देत.

पंधरा-वीस दिवसांनी उजवा गुडघा सुजला. लाल, गरम. दोन दिवसांनी तो उतरला आणि डावा घोटा धरला. मग मनगट. दुखणं घरात शिरलेल्या मांजरासारखं या खोलीतून त्या खोलीत फिरत होतं. मी सरांना सांगितलं.

"दुखतंय म्हंजे वाढतंय," सर म्हणाले. "अंग तयार व्हाया लागलंय. जिरव."

मी जिरवलं. गुडघा दिसू नये म्हणून लांब विजार घालायला लागले. पण वेळ घसरली, अकरा दहा, अकरा पंचवीस. सर वहीत लिहायचे आणि वही न थोपटता मिटायचे. त्या वहीत वेळेचे रकाने होते, तारखेचे होते. मुलीला बरं वाटतंय का, असा रकाना नव्हता.

ओळखलं ते पोदेरानं. एके सकाळी तो सायकलवरून उतरून माझ्यासाठी थांबला, असा तो कधीच थांबला नव्हता. म्हणाला, "बाय, म्हाका दिसता तूं बरी ना. आदीं तुजो श्वास म्हाका आयकूंक येनासलो. आतां हॉर्नापरस व्हड येता." माझा श्वास हॉर्नपेक्षा मोठा? मी त्याला म्हटलं, तू पाव विक. हे मी म्हटलं होतं, लिहून ठेवते.

चवथ

आता काकांची ओळख करून द्यायला हवी, आणि इथं माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बाबा आणि भाईकाका सख्खे भाऊ. काका सर्वणला राहायचे आणि डिचोलीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते, तीस वर्षं. अर्ध्या डॉक्टराएवढं त्यांना कळायचं. राजभाषेचं आंदोलन झालं तेव्हा बाबा मराठीच्या बाजूनं गेले, काका कोकणीच्या. दोघंही मोर्च्यांना गेले, दोघांनीही आरडाओरडा केला, आणि एकदा आमच्याच ओसरीवर एकमेकांना नाही नाही ते बोलले. तेव्हापासून अबोला. गंमत अशी, की भांडले ते दोघं एकाच बोलीत, जी आमच्या आजीनं दोघांना एकाच चुलीपाशी शिकवली होती.

पण चवथीचा गणपती एक. तो मोडता येत नाही. त्यामुळे चवथीला काका धारगळला यायचे, गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगतात ती माटोळी बांधायला हात लावायचे, आरतीला बाबांच्या शेजारी उभे राहायचे आणि बोलायचे नाहीत. बोलायचं झालंच तर आम्हा मुलांमार्फत. "तुज्या बापायक सांग, नारळ वयर बांद." "तुज्या काकाक सांग, माका दिसता."

त्या वर्षी मी खाली बसून भाजी चिरत होते. उठताना मला भिंत धरावी लागली. काकांनी ते पाहिलं. जवळ येऊन त्यांनी माझी विजार गुडघ्यापर्यंत वर केली, गुडघा दाबला, मग मनगट हातात घेऊन नाडी बघत बसले. फार वेळ बसले.

"घसो केन्ना दुखिल्लो?"

मी सांगितलं.

काका उठले आणि सरळ बाबांकडे जाऊन बोलले, असं झालं असतं तर हे सगळं मी लिहीत नसते. बाबा माजघराच्या दारापलीकडे, चार पावलांवर फुलं निवडत होते. काकांनी कॅलेंडरचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलं, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिलं. "बापायक दी."

मी दिलं. बाबांनी उघडलं, पहिल्या दोन शब्दांवर नजर टाकली आणि तशीच घडी घातली. चिठ्ठी कोकणीत होती. ज्या माणसानं जन्मभर बाजाराची यादीसुद्धा मराठीत लिहिली, त्यानं भावाला पहिल्यांदा कोकणीत लिहिलं होतं, मुद्दाम, खोडी काढायला. आणि ज्या माणसाला त्यातला शब्द न् शब्द कळला असता, तो म्हणाला, "मराठीत लिवन दी म्हण. मगे वाचीन."

मी चिठ्ठी घेऊन परत काकांकडे. काका लाल झाले, लिहिलेलं बदलायला तयार होईनात. "हांवें बरयलां तें बरयलां. वाचूंक जाय जाल्यार वाच म्हण."

परत बाबांकडे. बाबांनी हातही लावला नाही. ती मग कुठं गेली कुणी विचारलं नाही. आरती सुरू झाली. दोघांनी टाळ वाजवले, दोघांचाही ठेका चुकला नाही.

फोंडा

निवड चाचणी फोंड्याला होती. साडेसात फेऱ्या, पहिल्या दोघी संघात. मला आठवतं ते एवढं, की चौथ्या फेरीपासून छातीत कुणीतरी आतून दार ठोठावत होतं. सर कडेनं पळत होते, "धा चाळीस! धा चाळीस!" मी दुसरी आले. दहा मिनिटं बावन्न सेकंद. मग मी रेषेपलीकडे जाऊन बसले आणि मला उठता येईना. झोपले तर श्वास येईना, बसले तर यायचा. सर म्हणत होते, "शाब्बास, बारा सेकंदच ऱ्हायलं."

दुसऱ्या दिवशी पणजीजवळच्या मोठ्या सरकारी इस्पितळात एका डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीवर नळी ठेवली आणि बराच वेळ काढली नाही. मग त्यांनी सहा विद्यार्थ्यांना बोलावलं. सहाही जणांनी ऐकलं. एकानं दुसऱ्याला डोळ्यांनी 'ऐकू आलं?' असं विचारलं आणि दुसरा हसून 'आलं' म्हणाला. माझ्याशी कुणी बोललं नाही. माझ्या काळजात काय वाजतंय ते सहा परक्या पोरांना माझ्याआधी कळलं.

मग बाईंनी बाबांना विचारलं, आधी घसा, मग फिरते सांधे, आणि पोर धावत होती? तुम्हाला कुणी काही सांगितलं नाही?

बाबांनी हातातल्या केसपेपरची घडी घातली, मग आणखी एक. आई पदराचं टोक पिळत होती.

आजाराचं नाव मी लिहीत नाही, ज्यांना झालंय त्यांना पाठ आहे आणि बाकीच्यांनी डॉक्टरांना विचारावं. थोडक्यात, घशातून आलेला ताप सांध्यांना चाटून जातो आणि काळजाला चावतो. काळजाची एक झडप नीट मिटत नव्हती. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? बाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, "कदाचित." तो एक शब्द मला आजवर पुरलाय.

खाट

पहिला हुकूम, उठायचं नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही. जी मुलगी कोलवाळपर्यंत धावायची तिनं आता खाटेवर भांड्यात लघवी करायची, आणि ते भांडं तिच्या आईनं न्यायचं. लक्ष्य, एक महिना हलू नये. ते मात्र मी गाठलं. कुणी वही थोपटली नाही.

गोळ्या इतक्या, की कानात दिवसभर शिटी वाजायची, सरांच्या शिटीसारखी. दुपारी मी झोपले की सिस्टर हळूच नाडी मोजून जायच्या. जागेपणी माणसाची नाडी खोटं बोलते म्हणे.

चांगलंही थोडं होतं, ते लपवत नाही. बाबा रोज सकाळच्या बसनं यायचे, आणि इनास धारगळच्या थांब्यावर त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेले दोन उंडे पाव द्यायचा, "बायेक." माझ्यापर्यंत येईस्तोवर ते गार व्हायचे, पण वास राहायचा. ज्याला मी 'तू पाव विक' म्हटलं होतं, त्यानं एकही दिवस चुकवला नाही.

सर आले ते दुसऱ्या आठवड्यात, संघाचा निळा ट्रॅकसूट घेऊन. पाठीवर 'गोवा'. तो त्यांनी उशाशी ठेवला. यादीत माझं नाव तसंच होतं, ते काढायला मन होत नव्हतं म्हणाले. आणि मग जे बोलायला नको होतं ते बोलले, "पुढच्या साली धा चाळीस करूच की."

मी ट्रॅकसूट त्यांच्या अंगावर फेकला. एवढ्या श्रमानं माझी नाडी वाढली आणि सिस्टरनी सरांना बाहेर काढलं. नंतर आईनं सांगितलं, ते जिन्यात बसून रडत होते. मला त्यांची कीव आली नाही. आज थोडी येते.

त्याच आठवड्यात काका आले. खाटेच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला बाबा, मधे मी.

"तुज्या काकाक विचार, हें इंजेक्शन कितलीं वर्सां?"

"तुज्या बापायक सांग, चाळीस वर्सांची जायसर. दर एकवीस दिसांनी."

चाळिशी येईपर्यंत सुया, आणि तेही माझ्याच मार्फत. मला वाटलं माझं डोकं फुटेल. मी ओरडले, सगळा वॉर्ड वळला. "हांव मेल्यार तरी एकामेकांकडेन उलयतले? काय तेन्नाय चिठी धाडतले?"

 मग बाबा काकांकडे बघून म्हणाले, "शेवटची बस कितल्याक?" काका म्हणाले, "साडेपाचाक." दोन वर्षांनी ते एवढं बोलले.

दीड महिन्यानं घरी आले तेव्हा न्हाणीतला आकडा नव्हता. आईनं नारळाच्या सोडणानं घासून काढला होता. भिंतीचा गिलावासुद्धा त्यात खरवडला होता, एवढी घासली होती.

एकवीस दिवस

दीडशेच्या वर इंजेक्शनं झाली. जाड औषध असतं, सुई अडते, दोन दिवस माणूस लंगडतो. पहिली सात वर्षं ती काकांनीच टोचली, सर्वणला त्यांच्या घरी. बाबा मला बसनं घेऊन जायचे, एकही खेप चुकवली नाही. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. पुढे काकांचा हात थरथरायला लागला तेव्हापासून दवाखान्यात. भाऊ आता बोलतात, पावसापाण्याचं, माडांचं. भाषेचं नाही, आणि त्या चवथीचं नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते. चालते, जिने हळू चढते. धावत नाही.

नऊ वर्षं मी बाबांवर रागावून आहे. त्यांनाही ठाऊक आहे. एका घरात राहून रोजची आमटी एकमेकांना वाढत माणसं किती काळ रागावून राहू शकतात, हे आमच्याकडे येऊन बघावं.

रविवार

त्या बाकावरच्या बाईनंतर मला चिठ्ठी हवीशी वाटली. आईला विचारलं. ती काही न बोलता आत गेली आणि माटोळीच्या सामानाच्या डब्यातून घेऊन आली. चार घड्या, कॅलेंडरचं पान. त्या चवथीलाच देवासमोर पडलेली तिनं उचलली होती.

"वाचलेलीस?"

"अक्षर लावीत वाचली. पण तुज्या बापायक सांगतलो कोण?" ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आईवरही रागवायचं आहे, तिची पाळी यायचीय.

बाबा ओसरीवर होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, आता ऐका. मोठ्यानं वाचलं.

"भाऊ, चेडवाक धांवूंक धाडूं नाका. हो सांद्यांचो ताप. काळजाक लागता. फाल्यां सकाळींच मोट्या इस्पितळांत व्हर. उशीर करूं नाका. हांव बरोबर येतां."

पाच-सहा ओळी, पोरीला धावायला पाठवू नको, उद्याच इस्पितळात ने, मी बरोबर येतो. त्यातले निम्मे शब्द मराठीच.

"एक तरी शब्द अडलो?" मी विचारलं.

"नाय."

"मगे तेन्नाय अडलो नसतो."

बाबांनी हात पुढे केला, चिठ्ठी घेतली, पहिल्यांदा पूर्ण उघडून मांडीवर ठेवली आणि घड्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता रडतील. मला ते हवं होतं, नऊ वर्षं हवं होतं.

ते रडले नाहीत. रागावलेही नाहीत. साध्या आवाजात म्हणाले, "चेडवा, चिठी तूं हाडलेलीस. दोनदा. तुकाय वाचूंक येतालें."

येत होतं. काकांकडून बाबांकडे जाताना, माजघराच्या दारात, मी घडी उघडली होती. पहिली ओळ वाचली होती, धांवूंक धाडूं नाका. पुढची वाचली नाही. फोंड्याची चाचणी तोंडावर आली होती आणि न्हाणीत आकडा होता. मी घडी पुन्हा होती तशी घातली. बाबा म्हणाले, मराठीत लिवन दी म्हण, तेव्हा मला इतका आनंद झाला होता, की काकांकडे परत जाताना माझा घोटासुद्धा दुखला नाही.

"येतालें," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली, त्यांना ते ठाऊक होतं अशी. किती वर्षांपासून, ते मी विचारलं नाही.

पुढचं इंजेक्शन सोमवारी आहे. ती बाई भेटली तर तिला सांगेन, मुलगी धावेल की नाही ते डॉक्टर सांगतील. पण दुखतंय का हे तिला विचारू नकोस. ती नाही म्हणेल. तू स्वतः तिची विजार वर करून गुडघा बघ.